‘काहीच घडत नाही’ असे का वाटते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री आपण ली चांग-डोंग यांचा ‘पोएट्री’ हा २०१० सालचा कोरियन चित्रपट पाहिला. त्यानंतरची चर्चा वेळेअभावी अपुरी राहिली. ती पुढे चालवण्याचे काम संयोजकांनी माझ्याकडे सोपवले आहे. मी चित्रपटसमीक्षक नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवल्यामुळे कोणत्याही प्रश्नातला हिशेब मला आधी दिसतो. ही सवय चित्रपटाच्या चर्चेतही अगदीच निरुपयोगी ठरणार नाही, अशी आशा आहे.

काल तीन मते पुढे आली. काही साथी म्हणाले की सव्वादोन तास बसलो, पण काहीच घडले नाही. माणसे नुसती बोलत राहिली. दुसरे मत असे की चित्रपट चांगला असेल, परंतु तो पोट भरलेल्यांचा चित्रपट आहे, चळवळीला त्याचा उपयोग नाही. तिसरे मत जरा तिखट होते. ज्यांना हा चित्रपट भावला नाही त्यांची अभिरुची मारधाडीच्या चित्रपटांनी बिघडवली आहे, असे ते मत. शांत आणि संवादावर चालणारे कोरियन चित्रपट जेथे दाखवले जातात तेथे याच तीन सुरांत वाद होतो. खुद्द कोरियातही तो होतो.

माझे म्हणणे असे की हा मतभेद उच्च आणि हीन अभिरुचीचा नाही. चित्रपटात जे घडते ते कोणाला ऐकू येते, ते ऐकण्याइतका वेळ आणि त्राण कोणापाशी उरलेले असते, आणि तो चित्रपट कोणापर्यंत पोचू दिला जातो, या तीन प्रश्नांशी तो बांधलेला आहे. त्यांची उत्तरे बऱ्याच अंशी समाजरचनेतच शोधावी लागतात.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. हे शांत चित्रपट एखाद्या निवांत देशात जन्मलेले नाहीत. १९६० च्या सुमारास दक्षिण कोरियाचे दरडोई उत्पन्न वर्षाला १६० डॉलरच्या आसपास होते; आज ते ३० हजार डॉलरच्या वर आहे. हा प्रवास लष्करी राजवटींच्या टाचेखाली झाला. १३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलमधील पियोंगह्वा बाजारात जोन ते-इल या २२ वर्षांच्या शिवणकामगाराने कामगार कायदा पाळा एवढ्याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतले. १९८० मध्ये ग्वांगजू शहरातील उठाव सैन्याने रक्तात बुडवला. १९८७ च्या जूनमधील जनआंदोलनाने थेट निवडणुकीचा हक्क मिळवला, तरी सेन्सॉरशाही संपली नाही. १९९० साली ‘संपाची पूर्वरात्र’ या अर्थाच्या नावाचा, कारखान्यात संघटना बांधणाऱ्या कामगारांवरचा चित्रपट तरुणांच्या एका गटाने काढला. विद्यापीठांतून तो दाखवला जाऊ लागताच सरकारने बंदोबस्त लावला. ग्वांगजूच्या चोन्नाम विद्यापीठातील खेळ रोखण्यासाठी पोलिसांची हेलिकॉप्टरे आली. चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य असल्याचा निकाल तेथील घटनात्मक न्यायालयाने दिला तो १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की झुंजार कोरियन चित्रपट स्वातंत्र्य मिळताच मवाळ झाला आणि दिवाणखान्यात जाऊन बसला. हा आक्षेप गंभीर आहे, म्हणून तो चित्रपटांवरच घासून पाहू.

काल पाहिलेल्या चित्रपटातील उपाहारगृहाचा प्रसंग आठवा. सहा शाळकरी मुलांनी एका मुलीवर वारंवार अत्याचार केले आणि तिने नदीत जीव दिला. त्या मुलांपैकी पाच जणांचे वडील आणि सहाव्याची आजी मिजा एकत्र बसतात. कोणी आवाज चढवत नाही. बिअर ओतली जाते. मुलीच्या आईला ३ कोटी वॉन द्यायचे, सहा वाटे करायचे, प्रत्येकी ५० लाख. शाळेलाही प्रकरण बाहेर जायला नको आहे. मिजा उठून बाहेर जाते आणि कोंबड्याच्या तुऱ्यासारखी लाल फुले पाहत उभी राहते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे एक बाजार भरला आहे. एका मुलीच्या मरणाची किंमत ठरते, तिचे समान हप्ते पाडले जातात, आणि जिच्याशी व्यवहार करायचा ती आई बैठकीत नाही. सारे काही इतक्या सभ्यतेने चालते की हा गुन्ह्याचाच पुढचा अंक आहे हे चटकन ध्यानात येत नाही. मवाली सुरा काढतो तेव्हा काही घडले असे आपण म्हणतो. पाच प्रतिष्ठित गृहस्थ हिशेब करतात तेव्हा काही घडले असे आपल्याला वाटत नाही. ही आपल्या पाहण्याची घडण आहे. ती केवळ चित्रपटांनी केलेली नाही. वर्तमानपत्रांनी, न्यायालयांनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनीही केली आहे.

ज्या साथींना काहीच घडले नाही असे वाटले त्यांना मी दोष देत नाही. कालच्या खेळाला सबटायटलच्या ओळी इंग्रजीत होत्या. आपल्यातील निम्म्याहून अधिक जण मराठी शाळांत शिकलेले. कित्येकांचे शिक्षण सातवी-आठवीत थांबलेले. संवादप्रधान चित्रपटात ओळी झरझर बदलतात. त्या वाचण्यात डोळे गुंतले की बोलणाऱ्याचा चेहरा निसटतो, आणि चेहरा पाहू गेले की वाक्य निसटते. पाठलागाच्या चित्रपटात एवढा तोटा होत नाही. म्हणजे ज्याला इंग्रजी सफाईने वाचता येते त्याने एक चित्रपट पाहिला आणि ज्याला येत नाही त्याने दुसराच पाहिला. पहिल्याने दुसऱ्याच्या अभिरुचीची कीव करावी, यात न्याय कोठला?

तरीही ज्याला इंग्रजी उत्तम येते त्यालाही सगळे ऐकू आले असे समजू नये. कोरियन भाषेत समोरच्याचे वय आणि दर्जा पाहून क्रियापदाचा शेवट बदलतो. आदराचे बोलणे वेगळे, सलगीचे वेगळे. नव्याने ओळख झाली की लोक वय विचारतात. कोणी कोणाशी कसे बोलायचे हे ठरवण्यासाठी ते लागते. वडीलधाऱ्याने ओतलेला प्याला दोन हातांनी घेतात आणि पिताना तोंड किंचित बाजूला वळवतात. अशा समाजात दोघे जण दारूच्या टेबलावर बसलेले असताना एकाने आदरार्थी रूप सोडून दिले, तर ती मोठी घटना असते. मैत्री जुळते, अपमान होतो किंवा अधिकार गाजवला जातो. कोरियन प्रेक्षक त्या क्षणी हसतो किंवा दचकतो. इंग्रजी ओळीत मात्र आधीही ‘यू’ असतो आणि नंतरही ‘यू’च राहतो.

आपण मराठी माणसे या बाबतीत इंग्रजांपेक्षा सुदैवी आहोत. साहेब शिपायाला ‘अरे’ म्हणतो आणि शिपाई ‘साहेब, आपण’ म्हणतो, यात किती शतकांचा इतिहास भरला आहे हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. याच ओळी मराठीत उतरवल्या तर तू, तुम्ही आणि आपण यांच्या आधाराने मूळचे बरेचसे वाचवता येईल.

या दृष्टीने होंग सांग-सू यांचा ‘राइट नाउ, राँग देन’ हा चित्रपट पाहण्यासारखा आहे. २०१५ साली लोकार्नोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कथा दोन वाक्यांत सांगता येते. एक दिग्दर्शक व्याख्यानासाठी सुवॉन शहरात एक दिवस आधी पोचतो आणि त्याची एका चित्रकार तरुणीशी गाठ पडते. चित्रे पाहणे, दारू पिणे, गप्पा, आणि दिवस संपतो. मग तोच दिवस पुन्हा पहिल्यापासून दाखवला जातो. पहिल्या वेळी तो तिच्या चित्राची गोड शब्दांत स्तुती करतो आणि आपण विवाहित आहोत हे लपवतो. ते तिला इतरांकडून कळते. दुसऱ्या वेळी तो चित्राविषयी परखड बोलतो, ती संतापते. पुढे आपण विवाहित असल्याचे तो स्वतःच सांगून टाकतो.

या चित्रपटावर प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडतात. एक गट म्हणतो, तेच तेच दोनदा दाखवून आमचा वेळ का घेतला? दुसरा गट म्हणतो, शब्द थोडे बदलल्याने माणसांमधील नाते केवढे बदलते हे पाहून आम्ही थक्क झालो. होंग यांच्या चित्रपटांतील पुरुषांविषयीही असेच आहे. दारू पिऊन स्वतःची कीव करणाऱ्या पुरुषांचे हे लाड आहेत असे काहींना वाटते, तर काहींना त्याच प्रसंगांत त्या पुरुषांची यथास्थित टर उडवलेली दिसते.

आणि येथे दुसऱ्या मताच्या साथींचा आक्षेप मला मान्य करावासा वाटतो. होंग यांची पात्रे बहुधा दिग्दर्शक, प्राध्यापक, लेखक, चित्रकार असतात. भर दुपारी दारूच्या टेबलावर बसण्याइतकी सवड त्यांना कोठून मिळते, आणि ते टेबल नंतर कोण पुसते, हे प्रश्न त्या चित्रपटांत क्वचितच येतात. दिवसभर यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाला ती बडबड परकी वाटली तर तो आडमुठेपणा नाही. एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या फुरसतीकडे टाकलेली ती नजर आहे. दिग्दर्शक थोर असला तरी ही मर्यादा आहेच.

परंतु शांत चित्रपट म्हणजे फुरसतीवाल्यांचाच चित्रपट, असे समीकरण मांडू नका. जॉन गो-उन या दिग्दर्शिकेचा २०१७ सालचा ‘मायक्रोहॅबिटॅट’ पाहा. मिसो नावाची तरुणी रोजावर लोकांची घरे झाडूनपुसून देते. संध्याकाळी एक प्याला व्हिस्की, सिगारेट आणि एक मित्र, एवढीच तिची चैन. वहीत ती पैपैचा हिशेब ठेवते. २०१५ च्या जानेवारीत कोरियन सरकारने कर वाढवला आणि सिगारेटचे पाकीट २५०० वॉनवरून ४५०० वॉनवर गेले. त्याच सुमारास तिचे घरभाडेही वाढते. मिसो वही काढते, आकडे मांडते आणि घर सोडते! व्हिस्की आणि सिगारेट ठेवते. मग जुन्या मित्रमैत्रिणींच्या दारी एकेक रात्र काढत फिरते. त्या सर्वांना घरे आहेत. पण कोणी कर्जाच्या हप्त्यांनी पिचलेले, कोणी नोकरीने, कोणी संसाराने. एक मैत्रीण तिला निर्लज्ज ठरवते.

येथेही प्रेक्षक दुभंगतात. छप्पर सोडून सिगारेट ठेवणे हा शुद्ध वेडेपणा आहे, असे काही म्हणतात. इतर म्हणतात की तिने स्वाभिमान राखला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी एवढेच सांगेन की गरिबाच्या खर्चावर शेरे मारण्याची सवय आपल्या शास्त्राला फार जुनी आहे. मजुराने भाकरी घ्यावी, चहा घेऊ नये. भाडे द्यावे, तंबाखू सोडावी. भाडे एवढे का वाढले हा प्रश्न मागे पडतो आणि तंबाखूवर प्रवचन चालू होते. हा चित्रपट प्रवचन करत नाही, म्हणून तो काहींना अस्वस्थ करतो.

आता वेळेकडे येतो. कोरियात कायद्याने आठवड्याला ६८ तासांपर्यंत काम घेता येत असे. २०१८ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ५२ तासांवर आली, तीही मोठ्या आस्थापनांपासून टप्प्याटप्प्याने. तरीही २०२२ मध्ये तेथील सरासरी कामगार वर्षाला १९०० तासांच्या घरात काम करत होता. विकसित म्हणवणाऱ्या देशांत हा आकडा वरच्या रांगेतला आहे. दहा तास राबून आलेल्या माणसाला असा चित्रपट लागतो, जो त्याला स्वतः धरून ठेवील. शांत चित्रपट याच्या उलट वागतो. प्रेक्षकाने आपले लक्ष आधी गुंतवावे अशी त्याची अपेक्षा असते. लक्ष ही श्रमशक्तीचीच एक बाजू आहे आणि ती दिवसभरात मालकाने आधीच विकत घेतलेली असते. रात्री उरते ती गाळणी. अंधारात कोणाला डुलकी लागली तर त्याच्या अभिरुचीपेक्षा त्याच्या पाळीची चौकशी आधी करावी.

तिसरा प्रश्न चित्रपटगृहांचा. कोरियात चित्रपटगृहे मुख्यत्वे तीन मोठ्या साखळ्यांच्या हाती एकवटली, आणि त्यांतील काहींच्या मालक-समूहांचाच वितरणातही मोठा वाटा राहिला. २०१४ साली ‘म्योंगर्यांग’ या आरमारी युद्धपटाची सुमारे १ कोटी ७६ लाख तिकिटे विकली गेली. देशाची लोकसंख्या ५ कोटींच्या आसपास. त्याचा वितरक आणि देशातील सर्वांत मोठी चित्रपटगृह-साखळी हे एकाच समूहाचे होते. होंग यांच्या अलीकडच्या चित्रपटांना मायदेशात एक लाख प्रेक्षकही मिळत नाहीत. लोकांना हेच हवे असते, असे चालक म्हणतात. परंतु छोट्या चित्रपटाला भल्या सकाळचा किंवा मध्यरात्रीचा खेळ द्यायचा आणि मग प्रेक्षक आले नाहीत म्हणून तो उतरवायचा, याला लोकांची निवड म्हणता येत नाही.

यातून एक धडा घेण्याजोगा आहे. अमेरिकन चित्रपटांच्या लोंढ्यापासून संरक्षण म्हणून कोरियन चित्रपटगृहांना वर्षातील १४६ दिवस देशी चित्रपट दाखवणे बंधनकारक होते. अमेरिकेशी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी सुरू होताना हे दिवस निम्म्यावर, ७३ वर आणण्यात आले. जुलै २००६ पासून ते लागू झाले. कलावंत रस्त्यावर उतरले. ते योग्यच होते. परंतु देशी विरुद्ध विदेशी एवढीच भिंत त्या नियमाने घातली होती. देशी मोठा आणि देशी छोटा यांच्यामध्ये भिंत नव्हती. बाहेरच्या मक्तेदारीपासून वाचवलेला बाजार घरच्या मक्तेदारीच्या हाती गेला. संरक्षणाच्या धोरणाविषयी आपल्या चळवळीने हे ध्यानात ठेवावे.

शेवटी आणखी एका चित्रपटाविषयी बोलतो. किम बो-रा यांचा ‘हाउस ऑफ हमिंगबर्ड’ २०१९ मध्ये कोरियात प्रदर्शित झाला आणि छोटा चित्रपट असूनही त्याला तेथे लाखाहून अधिक प्रेक्षक मिळाले. काळ १९९४ चा. तांदळाच्या वड्यांचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातील उन-ही ही १४ वर्षांची मुलगी. भाऊ तिला मारतो, घरात कोणी त्यावर बोलत नाही. शिकवणी घेणारी योंग-जी ही तरुणी मात्र तिचे ऐकून घेते. एकदा ती वर्गात, यंत्रात बोट गमावलेल्या कामगाराचे गाणे हलक्या आवाजात म्हणते. चळवळीच्या दिवसांतले ते गाणे. चित्रपटात त्याचा खुलासा नाही. ज्या कोरियन प्रेक्षकाला ते गाणे ठाऊक आहे त्याला त्या बाईंचे सारे पूर्वायुष्य क्षणात कळते. ज्याला ठाऊक नाही त्याला एक उदास गाणे ऐकू येते. चित्रपट मवाळ झाला असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. १९९० साली जी गोष्ट हेलिकॉप्टरांच्या घरघरीखाली दाखवावी लागली, ती येथे एका मुलीच्या कानापर्यंत पोचली आहे.

पुढे दोघी उठवल्या जाणाऱ्या वस्तीवरून जातात. आम्ही जागा सोडणार नाही, असे फलक तेथे लावलेले आहेत. मुलीला त्या लोकांची दया येते. तेव्हा बाई तिला सुचवते की त्यांची उगाच कीव करू नये, कारण त्यांचे आयुष्य आपल्याला ठाऊक नाही. २१ ऑक्टोबर १९९४ रोजी सोलमधील सोंगसू पूल कोसळला आणि ३२ माणसे मेली. वेगाने श्रीमंत होण्याची घाई करणाऱ्या देशाने निकृष्ट कामाकडे केलेल्या दुर्लक्षाचे ते बळी. चित्रपटातील ती बाईही त्यांत जाते.

कीव न करण्याचा तो सल्ला मला आपल्या वादासाठी फार मोलाचा वाटतो. चित्रपट न भावलेल्याची कीव करू नका आणि भावलेल्याला पोटभरू म्हणून हिणवू नका. दोघांपाशी काय आहे आणि कशाची वाण आहे, याची आधी चौकशी करा. जो कार्यकर्ता वस्तीत जाऊन भाषण करतो पण समोरची बाई बोलताबोलता कोठे थांबली हे ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याला या चित्रपटांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि जो रसिक पडद्यावरील मिजाचे मौन ओळखतो पण शेजारी पेंगणाऱ्या कामगाराचा थकवा ओळखत नाही, त्यालाही अजून बरेच शिकायचे आहे.

म्हणून तीन सूचना करतो. पुढचा असा चित्रपट दाखवण्यापूर्वी त्याचे संवाद आपल्यातील जाणकारांकडून मराठीत उतरवून घ्यावेत. तू, तुम्ही, आपण यांचा भेद सांभाळून. खेळ रात्री कामानंतर न ठेवता सुटीच्या दिवशी सकाळी ठेवावा. आणि चर्चेत पहिला शब्द, ज्यांना काहीच घडले नाही असे वाटले, त्यांना द्यावा. त्यांना काय दिसले नाही यापेक्षा त्यांना काय दिसले, हे आपण अजून विचारलेलेच नाही.